मत्स्य घुबड आणि काठचे जुने झाड



औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर येथे पूर्णा नदीवर धरण आहे. त्या भागातील आंध बांधवांच्या वस्त्यांवर अभ्यासवर्ग घेताना मी विचारतो, "रात्री पाण्याकडून 'हूंऽ हूंऽ' ऐकू आले तर काय समजता?" कोणाचे तरी वाईट होणार, असे उत्तर हमखास येते. खरे तर नर-मादी एकमेकांना साद घालत असतात.

मत्स्य घुबड सुमारे दोन फूट उंच, पिवळ्या डोळ्यांचे. बहुतेक घुबडांच्या पायांवर पिसे असतात. याचे पाय उघडे. बोटांखाली खरखरीत काटे असल्याने निसरडा मासा सुटत नाही. इतर घुबडे आवाज न करता उडतात, याच्या पंखांचा आवाज होतो. पाण्यातल्या माशाला तो ऐकूच येत नाही, मग लपवायचा कशाला! खेकडे, बेडूक, उंदीरही ते खाते.

घरटे हिवाळ्यात, जुन्या झाडाच्या ढोलीत किंवा कड्याच्या कपारीत. अंडी एक किंवा दोनच. काठचे पोकळ झाड 'निकामी' म्हणून तोडले, की त्या जोडीचे घर गेले. जपानच्या होक्काइडो बेटावर ब्लॅकिस्टन मत्स्य घुबड जुनी जंगले तुटल्याने नामशेष होण्याच्या मार्गावर आले. तिथे झाडांवर लाकडी पेट्या बसवाव्या लागल्या. तेथील आयनू आदिवासी त्याला गावाचा राखणदार मानतात.

आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडे पकडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. वस्तीवर कोणी घुबड विकत मागायला आला, तर वनविभागाला १९२६ क्रमांकावर कळवा.