तोडणीची टोळी आणि आपण



उसाच्या बुडख्यात साखर जास्त, म्हणून तोड जमिनीलगत हवी. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला, तर वजन व उतारा टिकतो. हे पुष्कळसे टोळीच्या हाती आहे.

बीड-जालन्याकडून आलेले नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. बाईला त्यावर स्वयंपाक आणि लेकरं. फडात आडोसा नसला, की ती दिवसभर पाणी टाळते. मग लघवीचे दुखणे जडते.

तेव्हा तोड येण्याआधी एवढे कराच : पिण्याच्या पाण्याची घागर, पोत्यांचा आडोसा, लेकरांना सावली. माणसाला नावाने हाक मारावी. शाळेच्या वयाची पोरे असल्यास मुख्याध्यापकांना सांगावे. कोणी आजारी पडल्यास गट ऑफिसला ताबडतोब कळवावे. खेप थांबली तरी चालेल.