अर्धवट कामाची वही



मोठें काम एका बैठकींत पुरें होत नाहीं. आज सोडलेलें काम उद्यां पुन्हां हातीं घेतांना आपली स्मृति आपणांस बरेंच साह्य करिते. सांप्रत पुष्कळ विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनें अभ्यास करितात. या साहाय्यकाची गोष्ट मात्र निराळी आहे. चालू संभाषणांत जेवढा मजकूर त्याच्यापुढें असतो, त्यावर विसंबून तो उत्तर रचितो. त्या मजकुरासही मर्यादा असते. संभाषण फार लांबलें म्हणजे आरंभींचा भाग गळतो किंवा त्याचा संक्षेप होतो. नवें संभाषण उघडलें कीं कालचें बोलणें बहुधा त्याच्या समोर नसतें. कांहीं साहाय्यकांस मागील गोष्टी साठविण्याची सोय असते. तथापि तींत सर्व कांहीं राहीलच असें नाहीं.

विसरलेला मनुष्य 'मला आठवत नाहीं' असें म्हणतो. हा साहाय्यक पुष्कळदां तसें म्हणत नाहीं. उणीव अनुमानानें भरून काढून तो सफाईदार भाषेंत पुढें चालूं लागतो. म्हणून कामाचें टिपण ठेवणें हें त्याच्याकडून काम घेणाऱ्याचेंच कर्तव्य होय.

एक उदाहरण घेऊं. समजा, आपल्या इंद्रलोकांतील चार विद्यार्थ्यांनीं भाईंदरच्या मिठागरांशीं निगडित असे शब्द जमविण्याचें ठरविलें. राई, मुर्धा या गांवांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले शब्द वहींत उतरून घ्यावयाचे, आणि त्यांची वर्णानुक्रमें मांडणी करण्यास साहाय्यकाची मदत घ्यावयाची. पहिल्या दिवशीं असें ठरलें कीं, शब्द जसा ऐकला तसाच लिहावा. दुसऱ्या दिवशीं हा ठराव साहाय्यकास कोणी सांगितला नाहीं, तर बोलींतील रूपें अशुद्ध समजून तो तीं पुस्तकी मराठींत बदलूं शकतो. यादी देखणी दिसेल. परंतु ज्या आजीनें शब्द सांगितला, तिची बोली त्या यादींतून नाहींशी झालेली असेल, आणि तें कोणाच्या ध्यानांतही येणार नाहीं.

ही अडचण सर्वस्वीं नवी नाहीं. ज्या कामास अनेक वर्षें व अनेक हात लागतात, त्या प्रत्येक कामास ती येते. तिचा एक उत्तम परिहार पुण्यांत झालेला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम आरंभिलें. १९२५ सालीं डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर हे तिचे प्रधान संपादक झाले. २१ जानेवारी १९४३ रोजीं ते निवर्तले, तेव्हां बरींच पर्वें व्हावयाचीं होतीं. त्यांच्यामागून डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर व पुढें डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं काम चालविलें, आणि १९६६ सालीं संहिता पूर्ण झाली.

संपादक बदलले तरी धागा तुटला नाहीं, याचें एक कारण तेथील नोंदीची पद्धति. आडव्या-उभ्या रेघांनीं आंखलेल्या कागदावर प्रचलित श्लोक अक्षरशः लिहीत. त्याखालीं प्रत्येक हस्तलिखितास एक ओळ असे. पाठ जेथें वेगळा, तेथें तो त्याच अक्षराच्या खालीं नोंदीत. उजव्या बाजूस शेऱ्यांसाठीं जागा असे, आणि मजकूर फार असल्यास निराळें शोधपत्र जोडीत. छापील ग्रंथांत आणखी एक मोलाची खूण आहे. जो पाठ संपादकांस पुरता निश्चित वाटला नाहीं, त्याखालीं नागमोडी रेघ काढलेली असते. एवढ्या विद्वानांनीं आपला संशय झांकला नाहीं. पुढें येणाऱ्यास तो दाखवून ठेविला.

आपल्या टिपणांतही 'काय केलें' याबरोबर 'तें कितपत निश्चित आहे' हें आलें पाहिजे. वरील शब्दसंग्रहाचें टिपण असें असावें:

हेतु: मिठागरांच्या शब्दांची यादी, बोलीचीं रूपें राखून.
झालें: ४२ शब्द उतरले, पहिले ३० मूळ वहीशीं ताडून पाहिले.
ठराव: शब्द ऐकला तसाच ठेवावा, कारण बोलीची नोंद हाच हेतु आहे.
फसलेला प्रयत्न: अर्थ साहाय्यकाकडून घेतले, कांहीं वहीशीं जुळले नाहींत. पुन्हां घेऊं नयेत.
अनिश्चित: ३१ ते ४२ ताडावयाचे आहेत. १७ व्या शब्दाचे दोन उच्चार मिळाले. दोन्ही ठेविले आहेत.
पुढें: १७ वा शब्द घरीं जाऊन पुन्हां विचारणें.

ठरावाजवळ कारण अवश्य लिहावें. कारण नसल्यास उद्यांचा साहाय्यक, किंवा तुमचाच सोबती, तो ठराव चूक समजून मोडील. फसलेला प्रयत्न लिहिला नाहीं, तर तोच खटाटोप पुन्हां होईल.

टिपण बैठक संपण्यापूर्वीं, गोष्टी ताज्या असतांना लिहावें. त्याचा मसुदा साहाय्यकाकडून करवून घेण्यास हरकत नाहीं. परंतु 'ताडून पाहिलें' हे शब्द ज्यानें स्वतः ताडलें त्यानेंच लिहावेत. दुसऱ्या दिवशीं प्रथम टिपण साहाय्यकापुढें ठेवावें, त्यावरून त्यास काय समजलें तें विचारावें, आणि मगच काम सुरू करावें. टिपण लांबूं लागल्यास संपलेल्या गोष्टी वहीच्या मागील पानांवर न्याव्या, म्हणजे आजचें काम गर्दींत हरवणार नाहीं. ज्यांनीं शब्द सांगितले त्यांचीं नांवें व दूरध्वनीचे क्रमांक साहाय्यकास देऊं नयेत. ते आपल्या कागदी वहींतच राहूं द्यावेत.

वर्ष संपलें म्हणजे ही वही पुढील इयत्तेच्या हातीं द्यावी. तुम्ही शाळा सोडून गेल्यावरही सतराव्या शब्दाखालची नागमोडी रेघ पाहून एखादा विद्यार्थी राईच्या त्या घरीं जाईल, आणि आजीस तो शब्द पुन्हां एकदां विचारील.