रिगातले चौदा रिबाउंड

आप्पा क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झाले, पण बास्केटबॉलची पंचगिरी मात्र गुडघ्यांनी नकार देईपर्यंत केली. सई त्यांची नात. ती कॉलेजच्या संघात आहे, म्हणजे यादीत आहे. कोर्टवर उतरते ती सामना जिंकल्यात जमा झाल्यावर, नाहीतर हरल्यात. तिचा मोठा भाऊ अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात एमएस करतो. त्यामुळे पर्ड्यूकडून खेळलेला बास्केटबॉलपटू झॅक ईडी हे नाव या घरात जेवतानासुद्धा निघतं.

सई : आप्पा, दादा म्हणतो, ईडी मोठा होणार हे २०२१ मध्ये रिगालाच कळलं होतं. खरं का?

आप्पा : आता काय, आता सगळ्यांनाच तेव्हा कळलेलं असतं. तुझा दादा तेव्हा पायजम्यात बसून ऑनलाइन परीक्षा देत होता. आधी नीट समजून घे. रिगा म्हणजे लाटव्हियाची राजधानी. २०२१ चा जुलै, एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलांचा विश्वचषक. ईडी टोरोंटोचा, म्हणून कॅनडाकडून खेळला. पर्ड्यूत त्याचं एकच वर्ष झालं होतं. सामन्यामागे १५.१ गुण आणि १४.१ रिबाउंड. रिबाउंडमध्ये स्पर्धेत पहिला. उपांत्य सामन्यात कॅनडा अमेरिकेकडून ९२-८६ असा हरला, मग सर्बियाला १०१-९२ हरवून कांस्यपदक घेतलं. आणि स्पर्धेच्या सर्वोत्तम पाच जणांत ईडीची निवड झाली.

सई : बाकीचे चार?

आप्पा : अमेरिकेचा चेट होल्मग्रेन, फ्रान्सचा व्हिक्टर वेंबान्यामा, सर्बियाचा निकोला योविच आणि जेडन आयव्ही. आयव्हीसुद्धा पर्ड्यूचाच, पण अमेरिकेच्या संघातला.

सई : पण ईडी सात फूट चार इंच आहे. टाच न उचलता हात वर केला तर रिंग वीतभरही लांब राहत नाही. हुकलेल्या शॉटचे चेंडू पकडून त्याने रिबाउंड घेतले यात कौतुक कसलं?

आप्पा : अगं, होल्मग्रेन सात फुटी, वेंबान्यामा त्याहून उंच, कॅनडाच्याच संघात चार्ल्स बेडियाको सात फुटांच्या घरातला. रिगाला उंच माणसांची टंचाई नव्हती. चौदाची सरासरी एकाचीच. ऊठ, त्या खुर्चीपाशी उभी राहा. मी शॉट मारतोय असं समज. हं, चेंडू उडाला. कुठे बघतेयस?

सई : वर. चेंडूकडे.

आप्पा : तिथेच चुकलं! तुम्ही सगळ्याच पोरी पंख्याकडे बघता. आधी माणूस शोधायचा. वळ. पाठ त्याच्या छातीला लाव, गुडघे वाकव, बूड खाली. हात वर, पण कोपराने ढकलायचं नाही, मी शिट्टी वाजवीन. आता तो तुझ्या मागे अडकला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं आहे हे. चेंडू नंतर येतो, जागा आधी धरायची. ईडीची पायांची चाल जड आहे असं सगळे म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. पण जागा धरायला तो उशीर करत नाही. दुसरं म्हणजे चेंडू हातात आल्यावर तो खाली आणत नाही. उंच माणसाने चेंडू छातीपर्यंत आणला की तो समोरच्या बुटक्या गार्डचा झाला. ही सवय उंचीबरोबर जन्माला येत नाही, ती कुणीतरी लावावी लागते.

सई : बसू का आता?

आप्पा : बस. आणि त्याने सुरुवात तरी कधी केलेली? लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल. बास्केटबॉल तू दहावीत होतीस त्या वयात. मग फ्लोरिडातल्या आयएमजी अकॅडमीत गेला. कॉलेजात येताना त्या वर्षीच्या मुलांच्या यादीत त्याचा नंबर चारशेच्या पलीकडे होता. एवढ्या उंचीचं पोर, आणि नंबर चारशेच्या पलीकडे! उंचीवर सगळं चालतं तर यादी करणाऱ्यांना ती दिसली नसती का? आपल्याकडे तर उलटी गंमत. उंच पोरगं दिसलं की धरून रिंगखाली उभं करायचं, वर्षभर काही शिकवायचं नाही, आणि मग म्हणायचं की पोरगं आळशी आहे. माझ्या डोळ्यांदेखत अशी चार पोरं वाया गेली. निवड समितीचे लोक चहा पीत बसले होते.

सई : आप्पा, रिगा.

आप्पा : हो हो. पर्ड्यूतलं पहिलं वर्ष बघ. सामन्यामागे १४.७ मिनिटं, ८.७ गुण, ४.४ रिबाउंड. कुणाला यात काय दिसणार? पण चाळीस मिनिटांचा हिशेब मांडला तर गुण होतात तेवीसच्या वर आणि रिबाउंड बारा.

सई : कागदावर. पंधरा मिनिटं खेळणारा ताज्या पायांनी खेळतो. कधीकधी समोरही राखीव खेळाडू असतात. मी तीन मिनिटांत चार गुण केले होते, म्हणून चाळीस मिनिटांत त्रेपन्न करणार आहे का?

आप्पा : वा! हे बरोबर विचारलंस. असले गुणाकार करून लोक स्वप्नं विकतात. म्हणून तर रिगाला महत्त्व. तिथे तो कॅनडाचा मुख्य सेंटर होता. जबाबदारी वाढली, समोर वेगवेगळ्या देशांचे संघ, नियम वेगळे, आणि तरी कागदावरचा आकडा कोसळला नाही. रिबाउंडचा तर वाढला. त्या स्पर्धेतून कळण्यासारखं होतं ते एवढंच, पण ते थोडं नाही.

सई : नियम वेगळे म्हणजे?

आप्पा : आता कशी मुद्द्यावर आलीस! अमेरिकन कॉलेजात मुलांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत होतो, शॉटला तीस सेकंद. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नियमांत दहा-दहा मिनिटांचे चार भाग, शॉटला चोवीस सेकंद. सहा सेकंद कमी म्हणजे सेंटरला सावकाश रिंगखाली येऊन, जागा करून, चेंडू मागायला सवड नाही. जड पायांच्या माणसाची खरी परीक्षा इथे होते. दुसरा नियम त्याच्या फायद्याचा. शॉट रिंगला लागून वर उडाला की फिबाच्या खेळात कुणीही तो रिंगच्या वरून काढू शकतो किंवा आत ढकलू शकतो. कॉलेजच्या नियमांत चेंडू रिंगच्या थेट वर असेपर्यंत त्याला हात लावता येत नाही. कॉलेजातून आलेल्या मुलांना ही सवय मोडायला वेळ लागतो, हात आखडतो. इकडे गंमत सांगतो, एकदा एका आंतरविद्यापीठ सामन्यात मी हाच निर्णय दिला, बरोबर दिला, आणि तिथले एक प्रशिक्षक नियमांचं पुस्तक न उघडता माझ्या अंगावर...

सई : बरं, नियम कळले. पण उंची नसती तर? सहा फुटी ईडीला कुणी रिगाला नेलं असतं?

आप्पा : तू तिथेच अडून बसलीयस. नसतं नेलं. बस? झालं समाधान? उंची तिकीट आहे, नाही कोण म्हणतं? तू पाच फूट चार आहेस म्हणून तुला हा एकच प्रश्न सुचतोय.

सई : सुचणारच ना. बाकीचं सगळं शिकता येतं, हे एक येत नाही.

आप्पा : बरं, मग उंचीचंच ऐक. १७ मार्च २०२३. अमेरिकन कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा. पर्ड्यू पहिल्या मानांकनाचा संघ, ईडी त्या वर्षी देशातला सर्वोत्तम खेळाडू. समोर फेअरली डिकिन्सन, सोळाव्या मानांकनाचा संघ. अमेरिकेच्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांत सरासरी उंची सर्वांत कमी असलेला. ईडीने २१ गुण केले, १५ रिबाउंड घेतले. पर्ड्यू हरलं, ६३-५८.

सई : कसं?

आप्पा : त्याच्याभोवती दोघं-तिघं गोळा करायचे. एक मागून, एक पुढून. बाहेर मोकळ्या असलेल्या पोरांना सांगायचं, मारा तुम्ही लांबून. आणि पर्ड्यूच्या पोरांचे ते शॉट पडले नाहीत. सात फूट चार इंच उभा आहे, पण चेंडू त्याच्यापर्यंत पोचतोय कुठे?

सई : म्हणजे बुटक्यांनी...

आप्पा : बुटक्यांनी धावून धावून जीव काढला. फार खूश होऊ नकोस, त्यांची दमछाक तुला झेपणार नाही. पुढच्याच वर्षी तोच ईडी पर्ड्यूला त्याच स्पर्धेच्या थेट अंतिम सामन्यात घेऊन गेला. तिथे कनेक्टिकटकडून ७५-६० असे हरले, त्या साठातले ३७ एकट्याचे. दुसऱ्यांदा लागोपाठ देशातला सर्वोत्तम. राल्फ सॅम्पसननंतर कुणाला जमलं नव्हतं. मग मेम्फिसने एनबीएच्या निवडीत नवव्या क्रमांकावर घेतला.

सई : म्हणजे दादाचं खरं ठरलं. रिगाला दिसलं ते झालं.

आप्पा : नाही गं! पुढचं माहीत असलं की मागचं सगळं खुणेसारखं दिसतं. २००७ ची हीच स्पर्धा घे. सर्बियात, नोव्ही सादला. अमेरिकेच्या संघात डेव्हिडसन कॉलेजचा एक सडपातळ पोरगा होता, पहिलं वर्ष संपवून आलेला. कॉलेजात सामन्यामागे २१.५ गुण करणारा. इथे केले ९.४. अंतिम सामन्यात अमेरिका सर्बियाकडून ७४-६९ हरली. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला सर्बियाचा मिलान माचवान.

सई : आणि तो पोरगा?

आप्पा : स्टीफन करी.

सई : काय सांगता!

आप्पा : माचवान एनबीएत एकही सामना खेळला नाही. वाईट खेळाडू होता असं नाही हं. युरोपात चांगला खेळला, २०१६ ला रिओच्या ऑलिंपिकमध्ये सर्बियाला रौप्य मिळालं त्या संघात होता. पण नोव्ही सादला बसून तू कुणावर पैसे लावले असतेस?

सई : मग असल्या स्पर्धा बघायच्याच कशाला?

आप्पा : बघायच्या, पण वयही बघायचं. ईडी तेव्हा एकोणीस पूर्ण केलेला, वेंबान्यामा सतरा. त्या वयात दोन वर्षं म्हणजे केवढं अंतर! त्या सतरा वर्षांच्या पोराने अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध २२ गुण आणि ८ ब्लॉक केले, मग पाचवा फाऊल होऊन बाहेर गेला आणि फ्रान्स ८३-८१ असा हरला. स्पर्धेचा सर्वोत्तम म्हणून होल्मग्रेनचं नाव लागलं. मला विचारशील तर त्या आठवड्यात मी ईडीचे आकडे वहीत लिहिले असते आणि वेंबान्यामाला डोळ्यांनी बघितलं असतं.

सई : पण रिगाहून परत आल्यावर पर्ड्यूने ईडीला लगेच पूर्ण वेळ खेळवलं असेल.

आप्पा : कुठलं! सरासरी एकोणीस मिनिटं. ट्रेव्हियन विल्यम्स नावाचा मुरलेला सेंटर संघात होता. दोघांत वेळ वाटला. विश्वचषकाच्या सर्वोत्तम पाचांतला खेळाडू, आणि अर्ध्याहून जास्त सामना बसून.

सई : एकोणीस?

आप्पा : एकोणीस. त्यात १४.४ गुण. विल्यम्स गेला तेव्हा मिनिटं तिशीच्या वर गेली आणि गुण २२.३ झाले, रिबाउंड १२.९. बघ, रिगाला जो आकडा दिसला होता त्याच्या जवळ कॉलेजात पोचायला दोन हंगाम गेले.

सई : पण त्याच्या सरांना आकडे माहीत होते. आमच्याकडे मी किती रिबाउंड घेतले हे कुणाला माहीत असतं?

आप्पा : आता तू माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंस! स्कोअरशीटवर काय असतं? गुण, फाऊल, टाइमआऊट. रिबाउंडला रकानाच नाही. शॉट अडवलास, रकाना नाही. दुसरीला मोकळं करून दिलंस, नाही. रिगाला प्रत्येक चेंडूचा हिशेब ठेवणारी माणसं संगणक घेऊन बसतात. आपल्याकडे टेबलावर दोन पोरं, एकाचं पेन चालत नाही, दुसरा मोबाइलमध्ये. मी एका स्पर्धेत संयोजकांना म्हटलं, एक मुलगा नुसता रिबाउंड लिहायला बसवा, त्याच्या वडापावचे पैसे मी देतो. हसले. मग निवडीला काय जातं? गुणांची यादी. चौदा रिबाउंड घेणारा आपल्या स्पर्धेत खेळला असता तर निवड समितीच्या कागदावर तो चौदा हा आकडाच नसता. आणि वर हेच लोक विचारणार, आपल्याकडे सेंटर का तयार होत नाहीत!

सई : चहा टाकू?

आप्पा : टाक. साखर कमी, आजीला सांगू नकोस मी दुसरा घेतला ते.

सई : एक राहिलं. कॉलेजचं जाऊ दे. कॅनडाने तरी रिगानंतर त्याला मोठ्या संघात घेतलं ना?

आप्पा : घेतलं. २०२३ चा विश्वचषक, मनिलात कांस्यपदकाचा सामना, समोर अमेरिका. जादा वेळेत १२७-११८ ने कॅनडा जिंकला. डिलन ब्रूक्सचे ३९ गुण. कॅनडाच्या पुरुषांचं विश्वचषकातलं पहिलं पदक.

सई : आणि ईडी?

आप्पा : संघात होता. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेजांतला सर्वोत्तम ठरलेला. स्पर्धेचा बहुतेक वेळ बाकावर.

सई : परत?

आप्पा : परत.

सई : आप्पा, तुम्ही हे सगळं आमच्या मॅडमना एकदा येऊन सांगा ना. मिनिटांचं आणि रिबाउंडचं. तुमचं ऐकतील.

आप्पा : मी? ओळखी सांगून पोरं संघात घुसवणाऱ्या पालकांना मी तीस वर्षं कोर्टवरून हाकललंय. तुझ्या मॅडमशी तुझं तू बोल. आणि बोलायला जाशील तेव्हा तुझे रिबाउंड लिहिलेली वही घेऊन जा.

सई : वही नाहीये.

आप्पा : मग आधी चहा, नंतर वही.