होस्ट्स फाइलचा बंदोबस्त

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. अभ्यासाच्या नावाखाली कॉम्प्युटरवर गेमच्या साइट उघडून बसतो. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘काकू, होस्ट्स फाइलमध्ये साइटचं नाव टाका, उघडणारच नाही. एक पैसा खर्च नाही.’ ही काय भानगड आहे? यूट्यूबवरचे क्लास चालू ठेवून बाकीचं यूट्यूब असं बंद करता येईल का?
— एक आई, खांदा कॉलनी, पनवेल

उत्तर : शेजारचा मुलगा खरं बोलतोय, पण अर्धंच.

इंटरनेटवर कॉम्प्युटर एकमेकांना आकड्यांनी ओळखतात; नावं आपल्या सोयीसाठी. तुम्ही साइटचं नाव टाइप केलंत की त्याचा आकडा बाहेर विचारण्याआधी कॉम्प्युटर स्वतःजवळची एक छोटी यादी चाळतो. हीच होस्ट्स फाइल. तिथे नावासमोर भलताच आकडा लिहून ठेवला की तो त्यावरच विश्वास ठेवतो आणि साइट उघडत नाही. (भामटेही हीच युक्ती वापरतात : बँकेच्या नावासमोर स्वतःच्या सर्व्हरचा आकडा. तेव्हा या फाइलला कुणालाही हात लावू देऊ नका.)

आज अडगळीत पडलेल्या या यादीवर एके काळी अख्खं नेटवर्क चालायचं. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटमधल्या कॉम्प्युटरांची नावं कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी एका फाइलमध्ये नोंदवून ठेवत; बाकीच्यांनी तिची ताजी प्रत उतरवून घ्यायची. पसारा आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावावरून आकडा बाहेर विचारण्याची आजची, डीएनएस नावाची पद्धत मांडली. जुनी फाइल मात्र जागच्या जागी राहिली.

आता कृती. विंडोजमध्ये नोटपॅडवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. मग नोटपॅडमधल्याच ‘ओपन’मधून सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी असं आत आत जा. फोल्डर रिकामं दिसेल. घाबरू नका, खाली ‘ऑल फाइल्स’ केलं की होस्ट्स दिसेल. शेवटी नवी ओळ लिहा : ०.०.०.०, मग थोडी जागा, मग साइटचं नाव. सगळं अर्थातच इंग्रजी अक्षर-आकड्यांत. तीन डब्ल्यू लावलेलं नाव आणखी एका ओळीत लिहा, कारण फाइलच्या लेखी ती दोन वेगळी नावं. सेव्ह करून ब्राउझर बंद करा, पुन्हा उघडा.

यूट्यूबचं मात्र जमणार नाही. ही फाइल फक्त नाव ओळखते. त्या नावाखालचं कुठलं पान, कुठला व्हिडिओ, हे तिला कळत नाही. बंद तर सगळं, चालू तर सगळं. आपल्या सरकारलाही हा अनुभव आलाय. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातल्या एका बंडखोर संघटनेशी संबंधित याहू ग्रुप बंद करण्याचा आदेश निघाला. इंटरनेट कंपन्यांना तेवढा एकच ग्रुप अडवता येईना, म्हणून त्यांनी सगळेच याहू ग्रुप्स अडवले. ज्यांचा मेघालयाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांचेही ग्रुप देशभर काही दिवस बंद.

दुसरी अडचण तुमच्या घरातच आहे. बारावीतल्या मुलाला नोटपॅड उघडता येतं. त्यामुळे त्याचं खातं ‘स्टँडर्ड’ ठेवा आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड स्वतःजवळ. व्हीपीएन किंवा प्रॉक्सी वापरून तरीही वाट काढता येते. आणि हा बंदोबस्त त्या एका कॉम्प्युटरपुरताच. खिशातल्या मोबाइलला त्याचा पत्ताही नसतो.

यूट्यूबसाठी वेळ वाटून घ्या. त्याच्या नावांच्या ओळी फाइलमध्ये लिहून ठेवा. क्लासच्या वेळी त्या ओळींच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकून सेव्ह करा, म्हणजे कॉम्प्युटर त्या वाचणार नाही. क्लास संपला की हॅश पुसा. लगेच फरक पडला नाही, तर ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा.