प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण: अणूंचा हिशेब



प्रकाशसंश्लेषणात वनस्पती कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेते, सूर्यप्रकाशात त्यांपासून ग्लुकोज बनवते आणि ऑक्सिजन बाहेर सोडते. या अभिक्रियेत एकही अणू नव्याने जन्मत नाही की नाहीसा होत नाही. बदलतात त्या फक्त त्यांच्या जोड्या. म्हणून बाणाच्या डावीकडे प्रत्येक मूलद्रव्याचे जितके अणू, तितकेच उजवीकडे भरले पाहिजेत.

मोजणीला ग्लुकोजपासून बसावे. त्याच्या रेणूत ६ कार्बन, १२ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन असतात. कार्बन येतो तो कार्बन डायऑक्साइडमधूनच, रेणूमागे एक. तेव्हा त्याचे ६ रेणू. हायड्रोजन पाण्यातून, रेणूमागे दोन. तेव्हा पाण्याचेही ६. ऑक्सिजन मात्र चारही पदार्थांत आहे, त्यामुळे तो शेवटी घ्यावा. आधी त्याच्यामागे लागले की वहीत खाडाखोड ठरलेली. डावीकडे १२ आणि ६ मिळून १८ ऑक्सिजन होतात. उजवीकडे ६ ग्लुकोजमध्ये गेले, उरले १२. ऑक्सिजन वायूच्या रेणूत दोन अणू, म्हणून त्याचे ६ रेणू. वस्तुमानाचा ताळाही जुळतो: २६४ अधिक १०८ म्हणजे ३७२, आणि १८० अधिक १९२ म्हणजेही ३७२.

बदलायचा तो सूत्रापुढचा अंक. सूत्राच्या पोटातला अंक कधीही नाही. पाण्यात एक ऑक्सिजन वाढवला तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होते. संख्या जुळते, पण पदार्थच बदललेला असतो.

इथे बहुतेक वह्या मिटतात, आणि खरी गंमत तिथेच सुटते. प्रयोगशाळेत उलट्या नरसाळ्याखाली ठेवलेल्या हायड्रिलाच्या कापलेल्या देठातून एकामागून एक बुडबुडे वर चढतात. त्यांतला ऑक्सिजन कुठला? कार्बन डायऑक्साइडमधला की पाण्यातला? संतुलित समीकरण याचे उत्तर देत नाही.

१९३०च्या दशकात कॉर्नेलिस व्हॅन नील यांनी गंधक-जीवाणूंकडे पाहिले. हे जीवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि ऑक्सिजनऐवजी गंधक साठवतात. त्यावरून त्यांनी तर्क केला, की वनस्पतींच्या बाबतीतही फुटत असणार ते पाणीच. १९४१ साली सॅम्युएल रूबेन, मार्टिन केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरेला शैवालाला ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकाचे प्रमाण वाढवलेले पाणी दिले. बाहेर पडलेल्या वायूतले त्याचे प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाशी जुळले. बुडबुड्यातला ऑक्सिजन पाण्याचा होता.

आता पुन्हा हिशेब पाहावा. वायूत १२ ऑक्सिजन अणू आहेत, पण डावीकडच्या ६ पाण्यांत ऑक्सिजन आहेत सहाच. बाकीचे सहा आणायचे कुठून? म्हणून जाणकार लेखनात डावीकडे पाण्याचे १२ रेणू घेतात आणि उजवीकडे ६ रेणू नवे पाणी दाखवतात. दोन्हीकडे ६ कार्बन, २४ हायड्रोजन, २४ ऑक्सिजन. दोन्ही बाजूंची ६-६ पाणी वजा केली की शाळेतले समीकरण परत मिळते, आणि परीक्षेत तेही बरोबरच. पण ही वजाबाकी करताना एक माहिती हातची जाते: उजवीकडचे पाणी डावीकडच्या पाण्यापैकी उरलेले नसते. कार्बन डायऑक्साइडमधून आलेल्या १२ ऑक्सिजनपैकी ६ ग्लुकोजमध्ये बसतात, आणि उरलेले ६ या नव्या पाण्यात.

— मामा