सही करण्याआधी

काल रात्री तू फोन ठेवलास तेव्हा साडेअकरा झाले होते. "ताई, सही केली नाही तर देवाची आज्ञा मोडल्यासारखं होईल का गं?" एवढं विचारलंस आणि रडायलाच लागलीस. तू रडलीस की माझ्या तोंडून काहीतरी गुळमुळीत निघतं, म्हणून आज स्वयंपाक उरकून लिहायलाच बसले.

काकांना, म्हणजे तुझ्या बाबांना, जाऊन अजून तीन महिनेही झाले नाहीत. दादानं हक्कसोड पत्र टाइप करून आणलंय, काकू म्हणतात बहिणीनं भावाच्या भाकरीवर डोळा ठेवू नये, आणि तुमचे पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले ते आज्ञापालनावर वीस मिनिटं बोलून गेले. सगळ्यांच्या तोंडून देव एकदमच बोलायला लागला, तोही कागद तयार झाल्यावर. मला याचीच शंका येते बाई.

आता माझं ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही.

२००८ च्या ३१ डिसेंबरची वॉच नाइटची उपासना. बारा वाजून गेल्यावर आपल्याकडे ताट फिरतं ना, वचनाच्या चिठ्ठ्यांचं? मी चिठ्ठी उचलली ती निर्गम १४:१४ ची. लढाई देव लढेल, तुम्ही गप्प राहा, अशा अर्थाचं वचन. घरी येऊन ती चिठ्ठी मिठाच्या डब्यावर चिकटवली. जानेवारीतच भाऊ माझ्या वाट्याच्या पाच एकरांच्या हक्कसोडाचा कागद घेऊन आला. मनात आलं, देवानं तर आधीच सांगून ठेवलंय, गप्प राहायचं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोन तास बसले, सही केली, अंगठा दिला. भावानं बाहेर उसाचा रस पाजला. संध्याकाळी बाजरीची भाकरी थापायला घेतली तर अंगठ्याची शाई गेलेली नव्हती, आणि थापताना पिठात एक जांभळट डाग उमटला. तेवढं पीठ मी काढून टाकलं. का कोण जाणे, पण त्या पाच एकरांपेक्षा तो डाग मला जास्त आठवतो.

पुढे संडे स्कूलला तांबड्या समुद्राचा धडा शिकवायची पाळी माझ्यावर आली. मुलं फार विचारतात, म्हणून आदल्या रात्री अख्खा अध्याय वाचला. समोर समुद्र, मागं फारोचे रथ, आणि मोशे लोकांना सांगतोय की गप्प राहा. इथवर माझी चिठ्ठी. आणि लगेच पुढच्या, पंधराव्या ओवीत देव मोशेलाच विचारतो की माझ्याकडे काय ओरडत बसलायस, लोकांना सांग पुढं चालायला! माझी तर बोबडीच वळली. चिठ्ठ्या कापणाऱ्याची कात्री नेमकी १४ आणि १५ च्या मधून गेली होती. त्या बिचाऱ्याला काय दोष द्यायचा? अध्याय घरातच होता, कपाटावर. मी उघडला नाही, कारण चौदावी ओवी मला सोयीची होती. मला भावाची भीती वाटत होती, माहेर तुटेल याची भीती वाटत होती, आणि त्या भीतीला मी आज्ञापालन म्हणत होते.

म्हणून तुला पहिलं सांगणं हेच, की कुणी वचन तोंडावर फेकलं तर त्याच्या मागचं-पुढचं पान वाच. पाळकसाहेबांनी तुला यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, हे ऐकवलं ना? ते १ शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात आहे. ते कुणाला सांगितलंय बघ. शौल राजाला. लुटीतली चांगली चांगली गुरंमेंढरं त्यानं राखून ठेवली होती, आणि वर म्हणत होता की ही यज्ञासाठी आहेत. मेंढरांचं बें-बें शमुवेलाच्या कानावर येतंय आणि राजा देवाचं नाव घेतोय! म्हणजे ते बोल हातात लूट असलेल्या माणसाला लावलेले आहेत. ते तुझ्याकडे कसे वळले, हे मला तरी कळत नाही. (त्या अध्यायातली कत्तल माझ्या अजून पचनी पडलेली नाही. त्यावर एकदा निवांत बोलू.)

आता सलाफहादाच्या मुली. गणना २७. आपल्या मंडळीत इतकी वर्षं उपदेश ऐकतेय, पण या पाच जणींवर एकही ऐकला नाही. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप रानातच मेला, भाऊ नाही. जमीन वाटायची ठरली ती पुरुषांच्या नावानं, म्हणजे बापाचं नावच वंशातून पुसलं जाणार. या पाच जणी कुठं गेल्या? दर्शनमंडपाच्या दाराशी. मोशे, एलाजार याजक, सरदार, सगळी मंडळी, सगळ्यांच्या देखत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाच्या भाऊबंदांत आम्हालाही वतन द्या. डोळ्यांसमोर आण जरा. आपल्याकडे बाई वार्षिक सभेत हिशेब विचारायला उठली तरी पुरुषमंडळी घड्याळं बघायला लागतात.

मोशेचं मला कौतुक वाटतं ते पुढे. आज्ञापालनाचा पाठ त्याला देता आला असता, नियमशास्त्र त्याच्याच हातून आलं होतं. तो तसं काही करत नाही. त्यांचं म्हणणं देवापुढे नेतो. आणि देव म्हणतो की मुलींचं बरोबर आहे. तेवढ्यावर थांबत नाही, कायदाच करून टाकतो.

पण तुझ्यापासून काही लपवणार नाही. तो कायदा मुलगा नसेल तरच मुलीला वतन देतो. तुला भाऊ आहे. तेव्हा हे पान दादापुढे नाचवायला जाऊ नकोस, तो दुसऱ्या मिनिटाला तुला गप्प करेल. शिवाय गणना ३६ मध्ये भाऊबंद तक्रार घेऊन येतात की या मुली बाहेर लग्न करतील आणि जमीन दुसऱ्या वंशात जाईल. मग बापाच्या वंशातच लग्न करायचं असं बंधन येतं, आणि त्या पाचही जणी ते पाळतात, चुलतभावांशी लग्नं करतात. मला ते टोचतं, अजून टोचतं. तरी एक दिसतं ना, विचारणाऱ्याही त्याच आणि पाळणाऱ्याही त्याच. विचारलं म्हणून देवानं त्यांना बंडखोर ठरवलं नाही. आणि गंमत बघ, शब्द मिळाला तरी जमीन हातात आली नव्हतीच. यहोशवा १७ मध्ये त्या पुन्हा एलाजारापुढे उभ्या आहेत, आम्हाला कबूल केलेलं द्या म्हणून. फेरफाराला हेलपाटे तेव्हाही होतेच म्हणायचे.

गेथशेमानेच्या बागेतसुद्धा प्रभूनं हा प्याला टळू दे असं तीनदा मागितलं. आपण ते मागणं वगळतो आणि तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, एवढंच पाठ करतो.

काकूंचं 'देवाच्या लेकरांनी कोर्टाची पायरी चढू नये' हे १ करिंथच्या सहाव्या अध्यायातून आलंय. खरं आहे, पौल तसं म्हणतो. पण तो असंही विचारतो की भावाभावांतला निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? म्हणजे निवाडा करायचा आहे, मिटवामिटवी नाही. मग मंडळीतल्या दोन जुन्या माणसांना बसवा, कागद मांडा, आकडे मांडा. पाळकसाहेबांनाही बसू दे, या वेळी ऐकायला.

आकडे तरी काय मोठे आहेत. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. काकांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर काकूंचा एक तृतीयांश, आणि उरलेल्याचे तुझे नि दादाचे सारखे भाग. म्हणजे तिघांना एकेक तृतीयांश. केरळात त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना हेसुद्धा मिळत नव्हतं. तिथल्या जुन्या कायद्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला. त्याही चर्चमध्ये वाढलेल्याच बाई होत्या.

आणि आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाई. बाप्तिस्मा घेतल्यावरही इंग्लंडातल्या मठातल्या त्यांच्या सिस्टरना त्यांनी पत्रातून बजावलं होतं की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलंय, दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही. देवावर रुसून लिहिलेलं नव्हतं हो ते. त्याच बाईनं पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, थोडं शिकलेल्या बायकांनाही स्वतः वाचता यावं म्हणून. त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच त्याचे छपाईचे खिळे जुळवले. १९२२ साली गेल्या तोवर काम हातावेगळं केलं होतं.

तुला वाटेल ताई भावाविरुद्ध भरवतेय. तसं नाही गं. २०१६ मध्ये माझ्या भावाचं मूत्रपिंडाचं ऑपरेशन झालं, तेव्हा सतरा दिवस मी सावेडीहून दवाखान्यात डबा नेला. कुणी चिठ्ठी दिली नव्हती, कुणी उपदेश केला नव्हता. रोज रिक्षात देवाशी भांडत जायचे, याला का मी जेवू घालू म्हणून. आणि रोज वरणात तूप मात्र वेगळं घालायचे. आज्ञा पाळली असं छातीवर हात ठेवून म्हणायला माझ्याकडे तेवढे सतरा दिवस आहेत. त्या हक्कसोडाची सही त्यात मी धरत नाही.

तुला तुझा वाटा दादाला द्यायचा असेल तर दे. खुशीनं, डोळे उघडे ठेवून, किती देतेयस ते मोजून दे. देवाला घाबरून देऊ नकोस.

आणि हो, एक राहिलंच. रात्रभर तेच डोक्यात होतं. त्या कागदावर सोडून देणारी म्हणून तुझ्या एकटीचंच नाव आहे, की काकूंचंही आहे? काकूंनी चष्मा न लावताच सही केली असेल तर आधी तो कागद मला बघायचाय.

शनिवारी ये. येताना सात-बाराचा ताजा उतारा आण, त्या कागदाची झेरॉक्स आण, आणि गणना २७ नि ३६ दोन्ही वाचून ये. तोवर दादानं पेन पुढं केलं तर सांग, ताईनं जेवायला बोलावलंय, सोमवारी बघू.