हिरडीचे कलम : उघड्या पडलेल्या मुळांवर उपचार

दात 'लांब' दिसू लागले की वय झाले, अशी समजूत सर्रास आढळते. वस्तुतः दात वाढलेला नसतो. हिरडी मागे सरकून त्याचे मूळ उघडे पडलेले असते. मुळावर एनॅमलचे कठीण कवच नसल्याने गार पाण्याने कळ येते व मूळ किडण्याचा धोका वाढतो.

कारणे

दातांवरील किटणामुळे येणारी सूज, कडक ब्रशने जोराने घासणे आणि मुळातच पातळ हिरडी ही प्रमुख कारणे होत. महाराष्ट्रात त्यांत मशेरी व तंबाखूची भर पडते. तंबाखूची चिमूट जेथे धरली जाते, तेथील हिरडी विशेषत्वाने झिजते.

उपचाराचे स्वरूप

गेलेली हिरडी मंजनाने वा औषधाने परत येत नाही. प्रथम दात स्वच्छ करून सूज घालवितात. त्यानंतर आवश्यकता असल्यास शस्त्रक्रिया करतात. जागा बधिर करून टाळूच्या त्वचेखालील ऊतीचा पातळ तुकडा काढतात, तो उघड्या मुळावर बसवितात आणि त्यावर शेजारची हिरडी ओढून टाके घालतात. बर्टन लँगर व लॉरीन लँगर यांनी १९८५ मध्ये वर्णिलेल्या या पद्धतीत कलमास खालून व वरून असा दुहेरी रक्तपुरवठा मिळतो. म्हणूनच ते जगण्याची शक्यता वाढते. टाळूच्या पृष्ठभागासह काढलेले कलम हिरडी जाड करण्यास उपयोगी पडते, मात्र त्याचा रंग काहीसा वेगळा दिसतो.

मर्यादा व पथ्य

दोन दातांमधील हाड झिजले असल्यास मूळ पूर्णपणे झाकले जाण्याची अपेक्षा धरता येत नाही. म्हणून रुग्णाने लवकर येणे महत्त्वाचे. शस्त्रक्रियेनंतर साधारणतः दोन आठवडे त्या जागी ब्रश लावू नये व मऊ आहार घ्यावा. धूम्रपानाने यशाचे प्रमाण घटते. घासण्याची चुकीची रीत तशीच राहिली, तर हिरडी पुन्हा मागे सरते.

मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हिरड्यांच्या विकारांवर उपचार होतात. दात हलेपर्यंत थांबून तो काढून घेण्यापेक्षा वेळीच तपासणी करून घेणे केव्हाही श्रेयस्कर. शिक्षकांनी शाळेत मऊ ब्रशचा योग्य वापर शिकविला आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत मशेरीचा विषय काढला, तर अनेकांवर शस्त्रक्रियेची वेळच येणार नाही.